रोजच्या कोडिंगसाठी स्वतःच्या छोट्या युटिलिटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, महापे या पट्ट्यात काम करणारे ज्युनिअर डेव्हलपर, इंटर्न आणि वागळे इस्टेटमधल्या लहान कंपन्यांत सगळं सॉफ्टवेअर एकहाती सांभाळणारी मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय एकच आहे : रोज तेच टाइप करण्यात, शोधण्यात आणि कॉपी-पेस्ट करण्यात जाणारा वेळ आपण स्वतः लिहिलेल्या चार-दोन ओळींनी कसा वाचवायचा. उदाहरणं बॅश आणि पॉवरशेल (कमांड टाइप करून संगणकाला काम सांगायचे शेल), पायथन ही भाषा आणि व्हीएस कोड हा एडिटर यांची आहेत, कारण इथल्या बहुतेक टेबलांवर हेच दिसतं.

युटिलिटी म्हणजे नेमकं काय? मी तर अजून नवखा आहे.

दोन अक्षरं टाइप केली की थेट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये नेऊन सोडणारा एलियास (लांब कमांडला दिलेलं छोटं नाव) ही युटिलिटीच. बिल्ड, टेस्ट आणि लॉग उघडणं ही तीन कामं एका दमात करणारी स्क्रिप्ट हीसुद्धा युटिलिटी. निवडलेल्या रकमेत लाख-कोटीचे स्वल्पविराम घालणारं एडिटरमधलं बटण हीही. एका ओळीपासून फार तर पानभर, इतकाच तिचा आकार. त्यापुढे गेली की ते सॉफ्टवेअर झालं, मग त्याचं सगळं लटांबर आलंच. नवखेपणाची अडचण अजिबात नाही. नव्या माणसाला कंटाळवाणं काम अधिक टोचतं, आणि युटिलिटी तिथूनच सुचते.

ही सवय फार जुनी आहे. १९७३ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये पाइप आला. एका प्रोग्रॅममधून बाहेर पडलेलं दुसऱ्यात सरळ ओतता यावं ही डग मॅकिलरॉय यांची कल्पना, आणि ती केन थॉम्प्सन यांनी प्रत्यक्षात आणली. १९७६ साली एमआयटीमध्ये ईमॅक्स हा एडिटर तयार झाला तो टेको नावाच्या एडिटरसाठी लोकांनी आपापल्या सोयीने लिहून ठेवलेले मॅक्रो एकत्र करून. त्याच वर्षी बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक, म्हणजे बदललेल्या फाइली ओळखून त्या पुन्हा कंपाइल करणारा प्रोग्रॅम, लिहिला. त्यामागची गोष्ट प्रत्येक नव्या डेव्हलपरला मी आवर्जून सांगतो. स्टीव्ह जॉन्सन या त्यांच्या सहकाऱ्याची अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात गेली होती. दुरुस्ती झालेली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. जॉन्सन यांना एखादी कमांड टाइप करायला कितीसा वेळ लागला असता? वेळ गेला तो एक पायरी विसरल्यामुळे. युटिलिटीचा मोठा फायदा इथेच आहे. बोटांचे श्रम वाचतात ते वाचतातच, पण पायरी सुटत नाही हे जास्त मोलाचं.

कोणत्या कामासाठी युटिलिटी लिहायची हे कसं ठरवू?

बसून विचार करू नका, स्वतःकडे बघा. शेलला तुमच्या सवयी तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. 'हिस्टरी' कमांडने आलेली यादी पाइपने 'सॉर्ट'कडे, तिथून 'युनिक'कडे मोजणीच्या पर्यायासह आणि पुन्हा उलट्या क्रमाच्या 'सॉर्ट'कडे पाठवा (आधी डावीकडचे अनुक्रमांक काढून टाका, नाहीतर प्रत्येक ओळ वेगळी मोजली जाईल). सगळ्यात जास्त वेळा टाइप केलेल्या कमांड वर येतील. बॅश मुळात ५०० कमांडच लक्षात ठेवतो, म्हणून सेटिंगमध्ये ही मर्यादा आधी वाढवा आणि आठवडाभर नेहमीसारखं काम करा. यादीत वर बहुधा लांबलचक फोल्डरचे पत्ते, गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) त्याच चार कमांड आणि लॉगच्या शेवटच्या ओळी बघण्याची कमांड निघेल.

दुसरी खूण शेलमध्ये दिसत नाही. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी तरी पिन करून ठेवलेला मेसेज असतो : आधी व्हीपीएन जोडा, मग अमुक सर्व्हिस बंद करा, मग तमुक फाइल हलवा, मग कॅश साफ करा, मग पुन्हा चालू करा. असा मेसेज ही लिहायची राहून गेलेली स्क्रिप्टच असते. रिलीजच्या रात्री दमलेल्या माणसाच्या हातून चौथी पायरी हमखास सुटते. पहिली युटिलिटी याचीच लिहा.

एलियास, फंक्शन आणि स्क्रिप्ट, यांपैकी काय वापरू?

लांब कमांडला छोटं नाव द्यायचं असेल तर एलियास. त्या कमांडच्या मधोमध काही घालायचं असेल, समजा ब्रँचचं नाव किंवा तारीख, तर फंक्शन. दुसऱ्या कुणी चालवायचं असेल, वेळापत्रकावर लावायचं असेल किंवा ओळी दहा-पंधराच्या वर गेल्या असतील तर वेगळी स्क्रिप्ट.

इथे एक गोष्ट जवळपास सगळ्यांना अडवते. फोल्डर बदलणारी स्क्रिप्ट लिहितात, चालवतात, आणि स्वतः आहेत तिथेच राहतात. स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते. तिने बदललेला फोल्डर त्या प्रोसेसपुरता असतो आणि तिच्याबरोबर संपतो. फंक्शन मात्र तुमच्या चालू शेलमध्येच चालतं. त्यामुळे कुठे तरी 'नेऊन सोडायचं' काम असेल तर फंक्शनच लिहावं लागतं. पॉवरशेलमध्ये एलियासला आर्ग्युमेंट जोडून ठेवता येत नाहीत, म्हणून तिथे फंक्शनची गरज आणखी लवकर पडते.

ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर ॲडमिन राइट्स नाहीत. आयटीवाले काही इन्स्टॉल करू देत नाहीत.

ऐरोली-घणसोलीतल्या बहुतेक सर्व्हिस कंपन्यांत अशीच परिस्थिती असते आणि त्यांना तशी कारणंही असतात. तरी बरंच काही करता येतं. विंडोजमध्ये स्वतःच्या अकाउंटपुरता पाथ (कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायच्या याची यादी) बदलायला ॲडमिन लागत नाही. आपल्या युजर फोल्डरमध्ये एक फोल्डर करा, त्याचा पत्ता त्या पाथमध्ये घाला, आणि त्यात बॅच फाइली टाका. त्या कुठूनही नावाने चालतील. गिट बसवलेला असेल तर त्याच्यासोबत गिट बॅश येतो, म्हणजे सॉर्ट, ग्रेप, सेड, ऑक ही सगळी मंडळी आधीच हजर असतात.

पॉवरशेलची प्रोफाइल फाइल शेल उघडताना आपोआप वाचली जाते. तुमची फंक्शनं तिथे ठेवा. लॅपटॉप-डेस्कटॉपच्या विंडोजवर स्क्रिप्ट चालवणं मुळात बंद असतं. स्वतःच्या अकाउंटपुरतं ते धोरण बदलता येतं. पण कंपनीने ग्रुप पॉलिसीने ते बंद केलं असेल तर आडवाटा शोधू नका. आयटीला मेल करा, काय चालवायचं आहे ते दोन ओळींत लिहा, स्क्रिप्ट जोडा. वाचता येईल इतकी छोटी स्क्रिप्ट असेल तर परवानगी मिळणं सोपं जातं.

या फाइली ठेवायच्या कुठे आणि त्यांना नावं काय द्यायची?

होम फोल्डरमध्ये 'बिन' नावाचा एक फोल्डर, पाथमध्ये त्याचा पत्ता, आणि तो फोल्डर गिटमध्ये. इतकंच.

नावाचं मात्र थोडं बघावं लागतं. स्क्रिप्टला 'टेस्ट' हे नाव देण्याचा मोह आवरा. बॅशमध्ये त्या नावाची अंगभूत कमांड आहे. तुमची स्क्रिप्ट चालणारच नाही आणि काही चूकही दाखवली जाणार नाही. नाव ठरवण्याआधी 'टाइप' कमांडला ते विचारा, आधीपासून वापरात असेल तर ती सांगते. काही जण आपल्या सगळ्या स्क्रिप्टच्या नावाआधी स्वल्पविराम लावतात. सिस्टमच्या कमांडशी टक्कर होत नाही, आणि स्वल्पविराम देऊन टॅब दाबला की आपल्या सगळ्या स्क्रिप्टची यादी समोर येते. मला ही पद्धत फार आवडते. आणि नावात काम दिसू द्या. सहा महिन्यांनी 'एक्सवायझेड-२' म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

व्हीएस कोडमध्ये काय करता येईल?

दोन गोष्टींपासून सुरुवात करा. युजर स्निपेट आणि टास्क.

स्निपेटमध्ये तुम्ही छोटा शब्द टाइप करता आणि पूर्ण साचा उमटतो. कर्सर कुठे थांबायचा तेही सांगता येतं, आजची तारीख, फाइलचं नाव, निवडलेला मजकूर आपोआप भरता येतो. टास्क म्हणजे शेलची कोणतीही कमांड एडिटरमधून चालवायची सोय. टास्क प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये राहतात, म्हणून गिटमधून सगळ्या टीमला मिळतात. तुमची शेलची स्क्रिप्ट तयार असेल तर टास्क लिहायला दोन मिनिटं लागतात. म्हणून माझा आग्रह असा की खरं काम स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि एडिटरमध्ये फक्त तिला हाक मारा. एडिटर बदलतात. एक्लिप्सवरून इंटेलिजेवर, तिथून व्हीएस कोडवर आलेली माणसं इथे पुष्कळ आहेत. ज्यांनी सगळं एडिटरमध्येच कोंबलं होतं त्यांना दर वेळी पहिल्यापासून लिहावं लागलं.

पण प्रत्येक गोष्टीसाठी एक्स्टेन्शन फुकट मिळतं. स्वतः कशाला लिहायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

एक कारण सुरक्षेचं. व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन एडिटरच्याच अधिकारांनी चालतं. तुमच्या फाइली, पासवर्ड ठेवलेल्या कॉन्फिग, सगळं त्याला वाचता येतं. तीन ओळींच्या कामासाठी अनोळखी माणसाला घराची किल्ली देण्यात अर्थ नाही. नामांकित, भरपूर वापरली जाणारी एक्स्टेन्शनं जरूर घ्या, मी स्वतः घेतो.

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. तयार वस्तू बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपलं काम नसतं. आपली रक्कम लाख-कोटीत लिहिली जाते, आपलं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आपलं घड्याळ साडेपाच तासांनी पुढे आहे, आपल्या ग्राहकांची नावं देवनागरीत येतात. इथे दिवसभराच्या किरकिरी शोधल्या तर निम्म्याअधिक यांतूनच निघतात, आणि त्यांवरचं औषध आपल्यालाच लिहायला लागतं. पुढचे चार प्रश्न त्यांचेच आहेत.

रकमेचे स्वल्पविराम आणि आर्थिक वर्ष यांचं काय करता?

पायथनमध्ये आकड्याला स्वल्पविराम लावायची सोपी खूण आहे, पण ती तीन-तीनचे गट पाडते. १२,३४,५६७ हवं असताना १,२३४,५६७ मिळतं. नियम साधा आहे : शेवटचे तीन अंक बाजूला काढा, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे गट करा. पाच-सहा ओळींचं फंक्शन होतं. ऋण रक्कम आणि पैसे यांची काळजी तेवढी आधी घ्या. जावास्क्रिप्टमध्ये भारतीय इंग्रजी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची खूण) दिलं की ब्राउझरच हे करतो. मराठी लोकेल दिलं तर अंकही देवनागरी येतात, आणि स्क्रीनवर ते सुंदर दिसतं. पण तोच मजकूर पुढे एक्सेलला किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमला जाणार असेल तर आधी विचार करा.

आर्थिक वर्षासाठी एकच फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा : महिना चार किंवा त्यापुढचा असेल तर वर्ष तेच, नाहीतर एक कमी. जानेवारी ते मार्च ही चौथी तिमाही. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपच्या बिलिंगमध्ये इन्व्हॉइसचा क्रमांक दर एप्रिलला नव्याने सुरू होतो. हा हिशेब कोडमध्ये दहा ठिकाणी हाताने लिहिला असेल तर एका ठिकाणी हमखास 'चारपेक्षा मोठा' असं लिहिलं जातं, आणि अख्खा एप्रिल मागच्या वर्षात जातो.

लॉगमधली वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ यांचा मेळ लागत नाही.

सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, लिहितात. आपण पाच तास तीस मिनिटं पुढे. तास तर डोक्यात मिळवता येतात, गोंधळ त्या अर्ध्या तासाचा आणि तारखेचा होतो. यूटीसीतले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची मध्यरात्र. त्यामुळे आपल्याकडच्या रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या नोंदी लॉगमध्ये आदल्या तारखेखाली सापडतात. रात्रीचा जॉब पडला म्हणून लॉग शोधायला बसलेला माणूस चुकीच्या दिवसाची फाइल वाचत राहतो.

याला छोटी युटिलिटी अगदी चोख बसते. क्लिपबोर्डवरची वेळ उचलायची, यूटीसी असो की १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असोत, आणि भारतीय वेळ छापायची. दहा अंकी आकडा सेकंदांचा, तेरा अंकी मिलिसेकंदांचा, एवढं तिने स्वतः ओळखावं. सपोर्टवर बसणाऱ्या प्रत्येकाने ही एक तरी लिहावी असं मी आग्रहाने सांगतो.

देवनागरी मजकूर शोधताना समोर दिसणारा शब्द सापडत नाही. संगणक बिघडलाय का?

संगणक ठीक आहे. डोळ्यांना एकसारखा दिसणारा शब्द आत वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेला असतो, आणि मराठीत हे फार घडतं.

'दुसऱ्या' घ्या. यातला अर्धा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) दोन रीतींनी येतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, ज्याचा क्रमांक ०९३१ आहे, आणि त्यापुढे हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखेच. शिवाय पहिल्या रीतीतला ऱ कधी र आणि नुक्ता असा सुटा सुटाही साठवलेला असतो. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणलं की सुटा नुक्ता जोडला जातो, ही झाली अर्धी लढाई. पण जॉइनरवाली रीत एनएफसी बदलत नाही. ती आपल्यालाच बदलावी लागते.

'ॲप', 'बँक ॲडव्हान्स', 'ॲड्रेस' यांच्यातला ॲ हेही तसंच. ०९७२ क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीचे आणि काही कीबोर्डवरून आजही येणारे मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेले असतात, कधी मध्ये जॉइनर घालून तर कधी न घालता. इथेही एनएफसीचा उपयोग होत नाही.

म्हणून 'एकसारखं कर' अशी एक युटिलिटी लिहा. आधी एनएफसी करा, मग अर्ध्या र चा जॉइनरवाला प्रकार ०९३१ च्या रूपात आणा, मग अ आणि चंद्राचे सगळे प्रकार ०९७२ मध्ये आणा, आणि जाता जाता शब्दांच्या टोकाला राहिलेली अदृश्य चिन्हं काढा. मात्र सगळे जॉइनर सरसकट पुसू नका. जोडाक्षर कसं दिसावं हे ठरवण्यासाठी काही ठिकाणी ते मुद्दाम घातलेले असतात. डेटाबेसमध्ये भरताना आणि शोधताना, दोन्ही वेळी हेच फंक्शन चालवा. एकाच बाजूला चालवलं तर काही फायदा नाही.

अंकांचाही घोळ लक्षात असू द्या. पायथन ३ मध्ये देवनागरी '१२३' थेट पूर्णांकात बदलतो, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुरात नमुना शोधायच्या पद्धतीतली) अंकाची खूण देवनागरी अंकांनाही ओळखते. जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. म्हणजे फॉर्म नाकारतो आणि सर्व्हर स्वीकारतो, किंवा तुमच्या पायथनच्या तपासणीतून देवनागरी पिनकोड पास होऊन पुढच्या सिस्टमला जाऊन धडकतो. देवनागरी शून्य ते नऊ ०९६६ ते ०९६एफ (हे क्रमांक सोळाच्या पायावरचे) या ओळीत सलग आहेत, त्यामुळे बदलून देणारं फंक्शन एका ओळीचं होतं.

आणि जुन्या फाइली. संस्थांकडे, छापखान्यांकडे, सोसायट्यांकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांतला मजकूर अजून भरपूर आहे. तो आत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसलेला असतो, फॉन्ट काढला की नुसता चिखल दिसतो. त्याचा तक्ता करून अक्षर बदललं एवढ्याने भागत नाही. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार अगदी उलट : तिथे अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. बदलानंतर या दोघांच्या जागा हलवणारा टप्पा लिहावाच लागतो. हे काम थोडं मोठं आहे, पण ज्या टीममध्ये ते एकदा नीट झालं तिथे किती तरी जणांचं पुन्हा टायपिंग वाचलं आहे. वेळ द्यायला यापेक्षा चांगलं काम मला सुचत नाही.

चाचणीसाठी पॅन, जीएसटी क्रमांक असा डेटा लागतो. खरा वापरला तर चालेल?

नाही. कुणाचाही खरा क्रमांक टेस्टमध्ये घालू नका. रचना ठाऊक आहे, तर खोटे तयार करणारी युटिलिटी लिहा. पॅन दहा अक्षरांचा : पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. चौथं अक्षर प्रकार सांगतं, व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा : आधी राज्याचे दोन अंक (महाराष्ट्राचे २७), मग पॅन, मग नोंदणीचं एक चिन्ह, त्यापुढे बहुधा झेड, आणि शेवटी तपासणीचं चिन्ह. आयएफएससी अकरा अक्षरांचा आणि पाचवं नेहमी शून्य. शेवटचं तपासणी चिन्ह मुद्दाम चुकीचं ठेवलेलेही काही तयार करा, कारण नाकारायचं ते नाकारलं जातंय का हे बघणं तितकंच गरजेचं आहे.

स्क्रिप्टने भलतंच काही पुसलं तर?

ही भीती योग्य आहे. २०१५ साली एका लोकप्रिय गेमिंग ॲपच्या लिनक्स आवृत्तीतल्या स्क्रिप्टने काही लोकांच्या फाइली पुसल्या. फोल्डरचं नाव ज्या व्हेरिएबलमध्ये यायचं तो रिकामा राहिला, आणि 'त्या फोल्डरमधलं सगळं पुसा' याचा अर्थ 'मुळापासूनचं सगळं पुसा' असा झाला.

बॅशमध्ये सुरुवातीलाच 'सेट'चे दोन पर्याय लावा : न भरलेलं व्हेरिएबल आलं की थांब, आणि कमांड फसली की थांब. पहिला पर्याय अजिबात न भरलेलं नाव पकडतो, पण भरूनही रिकामं राहिलेलं पकडत नाही. त्यामुळे पुसण्याच्या ओळीआधी 'हे रिकामं तर नाही ना' हे वेगळं तपासा. व्हेरिएबल नेहमी अवतरणात लिहा, नाहीतर 'माय डॉक्युमेंट्स'सारख्या नावातली मोकळी जागा त्याचे दोन तुकडे करते. शेलचेक नावाचा मोफत प्रोग्रॅम अशा चुका दाखवतो, तो वापराच. पुसणाऱ्या, हलवणाऱ्या, पाठवणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला 'नुसतं दाखव' असा पर्याय द्या, आणि काही न सांगता चालवली तर तिने तेवढंच करावं. प्रॉडक्शन सर्व्हरचं नाव समोर आलं तर ते हाताने पूर्ण टाइप करायला लावा. तिथे वेळ वाचवण्याची गरज नाही.

मॅनेजर म्हणतात, हे सगळं कामाच्या वेळेत नको.

त्यांना आकडा दाखवा. कुठलं काम, दिवसात किती वेळा, टीममध्ये किती जण. रोज दोन मिनिटं आणि आठ जण म्हणजे आठवड्याच्या पाच दिवसांत ऐंशी मिनिटं. तासाभरात लिहून होणाऱ्या स्क्रिप्टला कुणी नाही म्हणत नाही. पण तासाभरात झाली पाहिजे. पहिली आवृत्ती एका बैठकीत होत नसेल तर तुम्ही चुकीचं काम निवडलं आहे किंवा फार मोठं निवडलं आहे.

ठाणे-वाशी गाडीत मोबाइलवर लिहिता येईल?

अँड्रॉइडवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप घाला. बॅश, पायथन, गिट सगळं चालतं. बसायला जागा मिळाली तरच.

माझी स्क्रिप्ट टीमला द्यावी का?

द्या, पण आधी तुमचा स्वतःचा पत्ता, तुमच्या फोल्डरचं नाव, तुमचा युजरनेम असं आत काही अडकलेलं नाही हे बघा. मग शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला काही न सांगता चालवायला द्या आणि मागे उभे राहा. तो जिथे अडखळेल तिथे स्क्रिप्ट बदला, त्याला समजावत बसू नका. वर एक मदतीची ओळ असावी : काय करते, कसं चालवायचं.

काही नियम सगळ्यांनी पाळायलाच हवेत असे असतात, जसं की पासवर्ड असलेली फाइल कमिट होऊ नये. त्यासाठी गिटचा प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, वापरा. हुकने नकार दिला की कमिट थांबतो. हुकचा नेहमीचा फोल्डर क्लोन करताना सोबत येत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०१६ मध्ये आलेल्या गिट २.९ पासून हुकच्या फोल्डरचा पत्ता बदलता येतो. हुक रिपॉझिटरीत ठेवा आणि प्रत्येकाने ती सेटिंग एकदा लावा.

आता एआय सांगेल ते लिहून देतो. मग हे शिकायचं कशाला?

लिहून घ्या, हरकत नाही. शेलच्या आडनिड्या खुणा आठवत बसण्यापेक्षा ते बरंच. पण काय लिहून घ्यायचं हे त्याला ठाऊक नसतं, कारण तुमचा दिवस त्याने पाहिलेला नसतो. आणि वर सांगितलेल्या 'दुसऱ्या'सारख्या ठिकाणी तो बहुतेक वेळा एनएफसी करून मोकळा होतो. चाचणीसाठी जॉइनरवाले शब्द तुम्हीच द्यायला हवेत. प्रत्येक ओळ वाचा. जी ओळ समजत नाही ती असलेली स्क्रिप्ट पुसण्याचं काम करत असेल तर चालवू नका. आणि कंपनीचा कोड, लॉग, ग्राहकांचा डेटा बाहेरच्या एआयला चिकटवण्याआधी कंपनीचे नियम बघा.

जुन्या युटिलिटी कधी काढून टाकायच्या?

वापरात नसतील तेव्हा. प्रत्येक स्क्रिप्टने चालताना एका फाइलमध्ये आपलं नाव आणि तारीख लिहावी, एवढी एक ओळ तिच्यात घाला. दिवाळीच्या सुमारास ती फाइल बघा. वर्षभरात जिचं नाव आलं नाही ती उडवा, गिटमध्ये ती असतेच.

नोकरी सोडताना माझ्या स्क्रिप्ट घेऊन जाता येतील?

ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या मशीनवर लिहिलेलं बहुतेक करारांत कंपनीचं असतं. ऑफर लेटर आणि करार नीट वाचा. म्हणून सुरुवातीपासून दोन फोल्डर वेगळे ठेवा. वेळ बदलणं, लाख-कोटीचे स्वल्पविराम, देवनागरी एकसारखं करणं ही सर्वसाधारण कामं घरी, स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या वेळात लिहा आणि खुल्या परवान्याखाली ठेवा. मग ती ऑफिसमध्ये वापरायची तर इतर कुठल्याही खुल्या कोडप्रमाणे परवानगी घेऊन आणा. कंपनीच्या सर्व्हरची नावं, ग्राहकांचे पत्ते, अंतर्गत पायऱ्या ज्यात आहेत त्या ऑफिसच्याच रिपॉझिटरीत राहू द्या, आणि जाण्याआधी त्या कशा चालवायच्या ते तुमच्या जागी येणाऱ्याला एकदा चालवून दाखवा.